स्वतंत्रपूरची भाजी कोण घेणार?

मागच्या महिन्यात एक माणूस ऑफिसात आला. नऊ वर्षं काढून सुटलेला. आत सुतारकाम शिकलाय, पण हातात काम नाही. म्हणाला, "सायेब, धरल्याची बातमी चार कॉलम आली हुती. सुटल्याची येत न्हाई व्हय?" ती चार कॉलमी बातमी माझीच होती. मी चहा मागवला, दुसरं काय करणार.

तो गेल्यावर आठवलं, की आपल्याच भागात याचं उत्तर एकदा शोधून झालंय. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. तेव्हा आटपाडी औंध संस्थानात. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, तेच सूर्यनमस्कारवाले. १९३९ साली त्यांनी प्रजेला राज्यकारभाराचा हक्क दिला आणि त्याच वर्षी कैद्यांची ही खुली वसाहत सुरू झाली. कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची. वॉर्साचा ज्यू इंजिनिअर, गांधीजींच्या नादानं खादीत आलेला. लोक त्यांना स्वामी भारतानंद म्हणत. भिंत नाही, बेडी नाही. कैद्यानं बायकापोरांसह राहायचं, जमीन कसायची, पिकवायचं. माणदेशातली जमीन म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. तिथं राबणं हीच शिक्षा, असं आमचे आजोबा चेष्टेनं म्हणायचे.

यावरूनच पुढं 'दो आँखें बारह हाथ' निघाला, १९५७ साली. कथा गदिमांची, म्हणजे माडगूळच्याच माणसाची. सगळ्यांना त्यातला जेलर आठवतो, प्रार्थना आठवते. मला आठवतो तो बाजार. कैदी भाजी पिकवतात, रास्त भावात विकतात, आणि ठोक व्यापाऱ्याच्या पोटात दुखतं. तो मारेकरी घालतो. म्हणजे कैदी सुधारले होते हो! अडचण बाजारात होती.

याच औंधच्या राजानं १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, कर्जही दिलं. निवडुंग तोडून किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि लक्ष्मणरावांनी तिथं रात्रीच्या राखणीला कोण ठेवले? शिक्षा भोगून आलेले लोक. कारखान्याची राखण त्यांच्या हाती! आज आपल्यातला एक तरी कारखानदार हे करेल?

राजाकडं जमीन होती, किर्लोस्करांकडं काम, फ्रीडमनकडं डोकं. एकट्यानं यातलं काहीच तडीला गेलं नसतं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. स्वतंत्रपूर आजही कारागृह खात्याकडं चालू आहे. पण एकट्या खात्यानं किती करायचं? आत सुतारकाम शिकवणं त्यांचं काम, मान्य. बाहेर लाकूड, हत्यारं, पहिली ऑर्डर कोण देणार? आपल्याकडं बचत गट आहेत, डाळिंबवाल्यांच्या उत्पादक कंपन्या आहेत, पतसंस्था तर गल्लीगणिक. डाळिंबाला खोकी लागतात, खोक्यांना सुतार लागतो. पतसंस्थेनं हत्याराला कर्ज द्यावं, कंपनीनं खोकी घ्यावीत, खात्यानं सुटकेच्या आधी दोन महिने नावं कळवावीत. तिघांनी एका टेबलावर बसायचं, एवढंच. पण कंपनीवाला म्हणतो पोलिसांचा दाखला आणा, पतसंस्था म्हणते जामीनदार आणा. जेलमधून आलेल्याला जामीन कोण राहणार?

त्या माणसासाठी मी दोन उत्पादक कंपन्यांना फोन केले. एकीनं विषय बदलला. दुसरीनं पन्नास खोक्यांची नमुना ऑर्डर दिलीय, जामीनदार म्हणून माझी सही घेऊन. सोमवारी पहिली दहा द्यायची आहेत. कुणाकडं जुना रंधा, पटाशी पडून असेल तर कळवा.