सदलगा : दूधगंगेकाठचे गाव आणि त्याची दोन माणसे

बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाला कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा या तीन नद्यांमुळे सुपीक झालेला काळ्या रानाचा पट्टा आहे. चिकोडी तालुक्यातील सदलगा हे गाव या पट्ट्यात दूधगंगेच्या काठावर वसलेले आहे. आपल्या मंडळींपैकी बहुतेकांना निपाणी ठाऊक असते, कारण ती पुणे-बेंगळूर हमरस्त्यावर आहे आणि तिथली तंबाखू प्रसिद्ध आहे. चिकोडीही ऐकून माहीत असते. सदलगा मात्र नात्यागोत्याचे कोणी असल्याशिवाय सहसा कानावर पडत नाही. २००८ पर्यंत 'सदलगा' या नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. पुढे तो 'चिकोडी-सदलगा' झाला. वर्तमानपत्रांत गावाचे नाव येते ते मुख्यतः निवडणुकीत, नाहीतर पुरात.

मी सरकारी नोकर. शिक्षण डिप्लोमापर्यंतचे, तेही स्थापत्याचे. त्यामुळे गाव पाहताना माझी नजर आधी पूल, बंधारा आणि रस्ता यांच्याकडे जाते, देवळाच्या शिखराकडे नंतर. सदलग्याच्या बाबतीत ही सवय उपयोगी पडते, कारण नदी समजल्याशिवाय हे गाव समजत नाही.

दूधगंगा सह्याद्रीत उगम पावते. कोल्हापूर जिल्ह्यात काळम्मावाडीला तिच्यावर मोठे धरण आहे आणि त्या पाण्यात कर्नाटकाचाही वाटा आहे. खाली भोज गावाजवळ तिला वेदगंगा मिळते. तिथून सदलग्यावरून ती पूर्वेला जाते आणि यडूरच्या परिसरात कृष्णेला मिळते. यडूरचे वीरभद्राचे देवस्थान दोन्ही राज्यांतल्या भाविकांचे आहे. सदलग्याच्या समोरच्या अंगाला बोरगाव, ते कर्नाटकात. थोडे खाली मलिकवाड कर्नाटकात, आणि त्याच्या समोरचे दत्तवाड महाराष्ट्रात, शिरोळ तालुक्यात. म्हणजे एकाच नदीच्या एकाच काठाला काही कोसांत राज्य बदलते. पाणी तेच, ऊस तोच, बोलीही जवळजवळ तीच, फक्त एस.टी.चा रंग आणि पाट्यांची लिपी बदलते.

सदलगा-बोरगाव, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर ही जोडनावे दर पावसाळ्यात 'पाण्याखाली गेलेले बंधारे' या बातमीत एका ओळीने येतात. पावसाळा संपला की गाळ्यांत बरगे घालून पाणी अडवायचे आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की ते काढायचे, ही कोल्हापुरी पद्धत या भागाने पूर्वीपासून स्वीकारली. बंधाऱ्याच्या माथ्यावरून रस्ता गेलेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यात सोयरीक जुळवणारा बंधारा श्रावणात दोन गावे तोडून ठेवतो. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर या काठच्या लोकांना तारखांसह पाठ आहेत.

जुना इतिहास शोधायचा तर सदलग्याहून शेजारच्या एकसंब्याला जावे लागते. बाराव्या शतकात हा मुलूख कोल्हापूरच्या शिलाहारांचा. शिलाहार विजयादित्याचा सेनापती कालण याने एकसंब्यात नेमिनाथाची बसदी बांधली. तिची कीर्ती ऐकून सौंदत्तीचा रट्ट राजा कार्तवीर्य स्वतः आला आणि त्याने ११६५ साली दान दिले, असे तिथला शिलालेख सांगतो. ज्या आचार्यांना हे दान मिळाले ते यापनीय संघाचे होते. दिगंबर आणि श्वेतांबर यांच्या मधला म्हणावा असा हा जैनांचा पंथ. कर्नाटकात तो शतकानुशतके नांदला आणि नंतर नाहीसा झाला. वाचकांनी 'यापनीय' हा शब्द लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा येणार आहे. शिलाहारांचा शेवटचा राजा दुसरा भोज याला देवगिरीच्या सिंघणाने १२१२ च्या सुमारास हरवले आणि हा सगळा भाग यादवांकडे गेला. त्यानंतर बहामनी, आदिलशाही, मोगल, मराठे अशी राज्ये आली नि गेली.

पेशवाईच्या अखेरीस या मुलखाची ओढाताण कोल्हापूरकर, पटवर्धन आणि निपाणीचे सिधोजीराव निंबाळकर यांच्यात चालली होती. इंग्रजांनी चिकोडी आणि मनोळी हे तालुके १८१८ च्या सुमारास कोल्हापूरला दिले आणि दहा-अकरा वर्षांत करार करून परत काढून घेतले. १८३६ साली बेळगाव हा वेगळा जिल्हा झाला. चिकोडी तालुका इंग्रजी अमलात, आणि भोवती कोल्हापूर, सांगली, कुरुंदवाड अशा संस्थानांच्या तुकड्यातुकड्यांच्या हद्दी. सीमा म्हणजे १९५६ साली अचानक आलेली गोष्ट, असे आपण धरून चालतो. पण या काठच्या शेतकऱ्याला शेजारचे गाव दुसऱ्या सरकारचे असण्याची सवय त्याच्या पणजोबापासून होती. फरक इतकाच की त्या काळी राज्य बदलले तरी शाळेची भाषा आणि सातबाऱ्याची लिपी यांवरून कोणी मोर्चा काढत नव्हते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पुढचे सर्वांना माहीत आहे आणि नोकरीत असल्याने त्यावर मी जास्त लिहीत नाही. एवढेच नोंदवतो की महाजन आयोगाचा अहवाल १९६७ सालचा. निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव म्हैसुरातच ठेवावे अशी त्याची शिफारस होती, ती अमलात आली नाही. त्याच १९६७ साली श्रवणबेळगोळ येथे कन्नड साहित्य संमेलन भरले आणि त्याच्या अध्यक्षपदी कोल्हापुरात उभे आयुष्य अध्यापन केलेला एक प्राध्यापक होता. त्याचा जन्म सदलग्याचा.

त्यांचे नाव डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये. जन्म ६ फेब्रुवारी १९०६. प्राथमिक शिक्षण गावात, पुढे बेळगावच्या गिलगंची-अरटाळ हायस्कुलात. मुंबई विद्यापीठातून संस्कृत आणि अर्धमागधी घेऊन ते १९२८ मध्ये बी.ए. आणि १९३० मध्ये एम.ए. झाले. त्याच वर्षी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे अध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९६२ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, तिथेच शिकवले. १९७१ नंतर म्हैसूर विद्यापीठात जैनविद्या आणि प्राकृत विभागाचे काम पाहिले. ८ ऑक्टोबर १९७५ रोजी कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचे काम पोथ्यांचे. एका ग्रंथाच्या हाती येतील तेवढ्या हस्तलिखित प्रती मिळवायच्या, अक्षर अक्षर ताडून पाहायचे, कुठला पाठ मूळचा आणि कुठला लेखकूच्या हातून बिघडला हे ठरवायचे, आणि शुद्ध प्रत छापायची. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत. कुंदकुंदाचार्यांचे 'प्रवचनसार' त्यांनी १९३५ साली संपादित केले. त्याची प्रस्तावना हा एक स्वतंत्र ग्रंथच मानला जातो. यापनीय संघावरचा त्यांचा लेख १९३३ सालचा. लोक विसरून गेलेल्या या पंथाची माहिती शिलालेखांतून आणि पोथ्यांतून वेचून अभ्यासकांपुढे मांडणारा माणूस, त्याच पंथाला दान मिळालेल्या एकसंब्याच्या शेजारच्या गावचा निघावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

आपल्या दृष्टीने त्यांची दोन संपादने विशेष महत्त्वाची आहेत. एक 'लीलावई', १९४९ सालचे. पैठणचा सातवाहन राजा हाल आणि सिंहलची राजकन्या लीलावती यांची ही प्रेमकथा, भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची आजी-पणजी. दुसरे 'कुवलयमाला'. उद्द्योतनसूरीने हा ग्रंथ शके ७०० मध्ये, म्हणजे इ.स. ७७९ मध्ये, राजस्थानातील जालोर येथे पुरा केला. त्यात बाजाराचे एक वर्णन आहे. देशोदेशीचे व्यापारी जमले आहेत आणि कवी प्रत्येकाचे रूप, स्वभाव आणि बोलण्याची लकब सांगतो. मरहट्टा दणकट, सावळा, सोशिक, अभिमानी आणि भांडखोर असल्याचे तो म्हणतो आणि त्याच्या तोंडचे दोन शब्दही देतो. मराठी भाषेच्या इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात या ठिकाणाचा उल्लेख असतो. ('भांडखोर' हे विशेषण भाषणांत सोयीस्करपणे गाळले जाते, असा माझा अनुभव आहे.) जैसलमेरची ताडपत्रावरची प्रत आणि पुण्याची कागदी प्रत अशा दोन हस्तलिखितांवरून उपाध्ये यांनी हा ग्रंथ सिद्ध केला. पहिला भाग १९५९ साली निघाला, दुसरा १९७० साली.

म्हणजे मराठी माणसाचे हे जुने शब्दचित्र ज्या शुद्ध प्रतीतून आपण वाचतो, ती तयार करणारा विद्वान पुढे कन्नड साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. त्या बाजारात कर्नाटकचा व्यापारीही त्याच रांगेत उभा आहे. गाव कोणाचे, या वादात दोन्ही बाजू पुरावे म्हणून शिलालेख, दप्तरे आणि शिरगणतीचे आकडे मांडतात. उपाध्ये यांचे नाव या पुराव्यांत माझ्या तरी वाचनात आले नाही. त्यांना एका बाजूच्या रकान्यात बसवणे कठीण आहे, हेच कारण असावे.

सदलग्याचे दुसरे नाव भारतभर पोहोचले आहे. आचार्य विद्यासागर यांचा जन्म १० ऑक्टोबर १९४६ रोजी, शरद पौर्णिमेला, इथल्या अष्टगे कुटुंबात झाला. शिक्षण कन्नड माध्यमातून नववीपर्यंत. तरुणपणी घर सोडून ते राजस्थानात गेले, ३० जून १९६८ रोजी अजमेरला मुनिदीक्षा घेतली आणि १९७२ मध्ये नसीराबादला आचार्य झाले. त्यांचा विहार मुख्यतः बुंदेलखंड आणि मध्य प्रदेशात राहिला. कन्नड शाळेत शिकलेल्या या मुलाने 'मूकमाटी' हे महाकाव्य लिहिले ते हिंदीत. उपाध्ये यांनी ज्या कुंदकुंदांचा मूळ प्राकृत पाठ शुद्ध केला, त्यांचेच 'समयसार' विद्यासागरांनी हिंदी पद्यात आणले. १८ फेब्रुवारी २०२४ रोजी डोंगरगड येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्या जागी आचार्य झालेले समयसागर हे त्यांचे धाकटे भाऊ, तेही सदलग्याचेच.

हा पट्टाच तसा आहे. भोजचे आचार्य शांतिसागर, कोथळीचे देशभूषण, शेडबाळचे विद्यानंद, सदलग्याचे विद्यासागर : विसाव्या शतकातील दिगंबर परंपरेचे चार मोठे आचार्य या एवढ्याशा टापूतून निघाले. ऊस-तंबाखूच्या, बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी मुलखातून सर्वस्व सोडणारी माणसे का निघावीत, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

या गावच्या घरांत अण्णा, अक्का, अप्पा ही हाक कन्नड की मराठी, असे कोणी विचारत नाही. 'तूप' आणि 'अडकित्ता' कानडीतून आले असे भाषातज्ज्ञ सांगतात; आपण ते वापरून मोकळे झालो आहोत. अडचण आहे ती जुन्या कागदांची. पेशवाईतले आणि इंग्रजी अमलाच्या सुरुवातीचे या भागातले खरेदीखत, वाटणीपत्र, इनामाचा कागद बहुधा मोडीत असतो. तो ज्यांच्या पेटीत आहे त्यांना मोडी येत नाही, आणि नातवंडांना तर कधी कधी देवनागरीही अडते. पुराचे पाणी घरात आले की आधी धान्य आणि जनावरे हलवतात, पेटी शेवटी. ज्यांच्या घरी चिकोडी-सदलगा भागातले असे कागद असतील त्यांनी निदान मोबाइलवर त्यांचे स्वच्छ फोटो काढून ठेवावेत. मोडी वाचणारी माणसे कोल्हापूर-पुण्यात अजून आहेत.

गाव पाहायला जायचे असेल तर निपाणीहून किंवा चिकोडीहून जावे. दिवाळीनंतर जावे, तेव्हा बरगे घातलेले असतात आणि नदी भरलेली दिसते. त्याच दिवसात एकसंबा आणि भोजचा संगम होतो, आणि हाताशी वेळ असेल तर यडूरही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र मलिकवाडच्या बंधाऱ्यावरून दत्तवाडला उतरण्याचा बेत करू नये, वळसा घालून मोठ्या पुलावरून जावे.