वाचनाचे एकक कोणते?

अभनपुर हा शब्द घ्या. रायपूर जिल्ह्यातील या गावाच्या नावात लिहिताना पाच अक्षरे आहेत: अ, भ, न, पु, र. उच्चारताना ठोके तीनच पडतात: अ-भन्-पुर्. आणि सुटे ध्वनी मोजले, तर ते सात भरतात. (मराठी शुद्धलेखनाच्या नियमानुसार यातला ‘पु’ दीर्घ होईल, तो निराळा विषय.) वाचू लागलेल्या मुलाने यांपैकी कोणते माप धरावे?

वाचनशास्त्राने बराच काळ ‘सात’ हे उत्तर गृहीत धरले. १९८६ मध्ये गॉफ आणि टनमर यांनी वाचनाचे सूत्र मांडले: वाचन म्हणजे डीकोडिंग गुणिले भाषेचे आकलन. डीकोडिंग म्हणजे लिपीतील खुणांवरून शब्द उलगडणे. चिन्ह गुणाकाराचे असल्याने एक घटक शून्य झाला की सारेच शून्य. डीकोडिंगचा पाया म्हणून ‘स्वनिम-जाणीव’, म्हणजे शब्दातील सुटा ध्वनी ओळखण्याची क्षमता, मानली गेली. १९९५ मध्ये डेव्हिड शेअर यांनी ‘स्वयंशिक्षण’ ही संज्ञा रूढ केली: मूल स्वतः उलगडलेल्या प्रत्येक शब्दातून त्याचे लेखनरूपही शिकत जाते. याच शेअर यांनी २००८ मध्ये, वाचन-संशोधन इंग्रजीकेंद्री झाले आहे, अशी स्पष्ट टीका केली. इंग्रजीचे वर्णलेखन अपवादात्मक अनियमित आहे; अपवादावरून नियम बांधला गेला होता.

आपल्याकडे एकक ‘अक्षर’ होते. पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर आधी मुळाक्षरे गिरवीत, मग बाराखडी घोकीत. बाराखडीला निव्वळ पाठांतर म्हणून हिणवले जाते, ते मला अन्यायाचे वाटते. क, का, कि, की या ओळीत व्यंजन स्थिर आणि स्वर बदलता आहे. एक चल राशी स्थिर ठेवून दुसरी बदलण्याची ही प्रयोगशाळेतलीच रीत. अक्षराच्या पोटातील ध्वनी मुलाला इथेच सुटा दिसू लागतो. अशा लिप्यांना पीटर डॅनियल्स यांनी १९९० मध्ये ‘अबुगिडा’ हे नाव दिले, ते इथिओपियाच्या लिपीवरून.

मात्र ही वाट लांब आहे. इंग्रजीची अक्षरे २६. इथे बाराखडीच चारशेच्या पुढे जाते, जोडाक्षरे वेगळीच. सोनाली नाग यांच्या २००७ च्या कन्नड अभ्यासात अक्षरसंच आत्मसात व्हायला मुलांना अनेक वर्षे लागतात आणि स्वनिम-जाणीव सावकाश येते, असे आढळले. म्हणून पहिलीत मुळाक्षरे उरकून बाराखडी घाईने संपवणाऱ्या वेळापत्रकात जी मुले मागे पडतात, त्यांना ‘मंद’ ठरवण्याआधी वेळापत्रक तपासावे लागेल.

अभनपुरमधील ‘न’ पाहा. त्यातील ‘अ’ उच्चारात गळतो, पण लिपीत त्याची कोणतीही खूण नाही. हे नाव कानावरून गेलेले मूल तो आपसूक गाळते. न ऐकलेले मूल प्रत्येक अक्षर अचूक ओळखूनही अ-भ-न-पु-र असेच वाचते. पालघरच्या पाड्यावर वारली बोलणाऱ्या मुलासाठी मराठी पाठ्यपुस्तकातील कितीतरी शब्द असेच न ऐकलेले असतात.