वयात येताना बोलणं मागे पडलं तर?

डाऊन सिंड्रोम असलेल्या तुमच्या मुलाचा आवाज तेराव्या-चौदाव्या वर्षी फुटला, तर ते वयाचंच लक्षण. पण येणारे शब्दच कमी झाले, तर ‘हे असंच असतं’ म्हणू नका. १८६६ मध्ये या मुलांचं वर्णन करणाऱ्या डॉ. लँग्डन डाऊन यांनीच लिहिलं होतं, की जिभेच्या व्यायामाने त्यांचं बोलणं पुष्कळ सुधारतं. १९५९ मध्ये लेज्यून व सहकाऱ्यांनी कारण दाखवलं: २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत. ती तर जन्मापासूनच आहे! मग आताच काय बिघडलं? कान, थायरॉईड, झोपेतला श्वास आणि मनाची उदासी तपासून घ्या. वराळ्याच्या पालकांना मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग वाणी-श्रवण संस्थाही गाठता येईल.