तिसरा दिवस आणि सहावा तास : नव्या करारातील कालनिर्देशांच्या अर्थनिर्णयाविषयी

जुन्नर शहरालगत मानमोडीच्या डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा एक दानलेख आहे. पाण्याची पोढी व मंडप यांच्या या दानाचा काळ लेखात ‘वर्ष ४६’ असा दिला आहे. हे वर्ष कोणत्या गणनेतील, याचा मात्र लेखात उल्लेख नाही. कोरविणाऱ्यास तो करण्याचे कारण नव्हते, कारण समकालीन वाचकास ते ठाऊकच होते. शक गणना मानल्यास इ. स. १२४ हे वर्ष येते. ते नहपानाचे राज्यवर्ष मानल्यास निष्कर्ष अगदी निराळा निघतो, आणि नाण्यांचा व ‘पेरिप्लस’मधील उल्लेखाचा आधार घेऊन अनेक अभ्यासकांनी नहपानास पहिल्या शतकात नेले आहे. आकडा स्पष्ट आहे. वाद आहे तो मोजण्याच्या रीतीविषयी.

ख्रिस्ती धर्मग्रंथातील प्रमुख घटनांचा काळ ठरविणाऱ्यांपुढील अडचण बव्हंशी याच जातीची आहे. जुन्नर येथे एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीचे केंद्र होते. परंतु त्या केंद्राचा इतिहास हा येथील विषय नव्हे. जुन्नरचे लेख वाचण्याची सवय असलेल्यास शुभवर्तमानांतील कालनिर्देश वाचताना कोणती दृष्टी लाभते, एवढेच पाहावयाचे आहे.

लूकच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या कार्याचा आरंभ तिबेरियाच्या कारकिर्दीच्या पंधराव्या वर्षी झाला असे म्हटले आहे. ऑगस्टसचा मृत्यू इ. स. १४ मध्ये झाला. तेथून मोजल्यास २८-२९ हे वर्ष येते. तिबेरियस त्यापूर्वी काही वर्षे ऑगस्टसच्या जोडीने प्रांतांचा अधिकार चालवीत होता, तेव्हा गणना तेथून करावी, असे मानणारे टीकाकार दोन-तीन वर्षे मागे जातात. हा नहपानाच्या वर्षांचाच प्रश्न होय.

जन्मकाळाचा प्रश्न याहून बिकट आहे. आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरात, भीमाशंकराच्या देवळापाशी एक पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी आप्पांनी ती अर्पण केली, अशी परंपरा आहे. तिच्यावर इसवी सनाचा आकडा आहे. तो ज्या आरंभबिंदूपासून मोजला जातो तो डायोनिसियस एक्झिगुअस या मठवासीयाने इ. स. ५२५ मध्ये ठरविला, आणि तो चुकला हे आता सर्वमान्य आहे. कारण ज्या हेरोदाच्या काळी येशूचा जन्म झाला, तो बहुतेक इतिहासकारांच्या मते इ. स. पूर्व ४ मध्येच मरण पावला. परंतु लूक जन्माचा संबंध क्विरिनियसच्या शिरगणतीशी जोडतो, आणि ती इ. स. ६ मधील आहे. या दहा वर्षांचा मेळ घालण्यासाठी काहींनी ग्रीकमधील ‘पहिली’ या अर्थाच्या शब्दाचा अर्थ ‘आधीची’ असा केला. मराठीत ‘तुझ्या पहिले मी आलो’ असे बोलतात, तेव्हा ही कल्पना मराठी कानास विचित्र वाटत नाही. तथापि त्या ग्रीक वाक्याच्या रचनेवर ती लादावी लागते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. येथे लूकचा निर्देश चुकला असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

आता पुनरुत्थानाच्या दिवसाकडे वळू. शुक्रवारी दुपारी मृत्यू आणि रविवारी पहाटे कबर रिकामी, हा अवकाश दोन दिवसांचाही भरत नाही. तरी परंपरा ‘तिसऱ्या दिवशी’ असे म्हणते. मार्क ‘तीन दिवसांनंतर’ असे म्हणतो. आणि मत्तयात योनाच्या दृष्टान्तात ‘तीन दिवस व तीन रात्री’ असे शब्द आहेत. हे शब्द अक्षरशः घेऊन काहींनी वधाचा दिवस मागे बुधवारी नेला. हा उपाय अनावश्यक आहे. आपल्याकडे एखाद्याचा मृत्यू महिन्याच्या एक तारखेस झाला तर दशक्रिया दहा तारखेस होते, अकरास नव्हे. मृत्यूचा दिवस, मग तो मावळतीचा का असेना, पहिला धरला जातो. घोड आणि मीना यांच्या खोऱ्यांतील कोणाही वृद्धास विचारावे : शुक्रवारी गेलेल्याचा तिसरा दिवस कोणता? तो रविवार असेच सांगेल. यहुदी गणनाही अशीच होती. एस्तेरच्या पुस्तकात राणी तीन दिवस, रात्रंदिवस, उपास करावयास सांगते आणि तिसऱ्या दिवशीच राजापुढे उभी राहते. मत्तयातच याहून निर्णायक पुरावा आहे. येशू ‘तीन दिवसांनंतर’ उठेन असे म्हणाला होता, म्हणून ‘तिसऱ्या दिवसापर्यंत’ कबरेवर पहारा ठेवा, अशी मागणी याजक पिलाताकडे करतात. एकाच वक्त्याच्या तोंडी हे दोन प्रयोग शेजारी-शेजारी येतात, याचा अर्थ त्याच्या लेखी ते समानार्थी होते. व्यवहारातील मोजणीपुढे व्याकरणाचा तर्क येथे लंगडा पडतो.

वल्हांडणाच्या दिवसाबाबत मात्र अशी सहज सोडवणूक होत नाही. (ओलांडण्याच्या अर्थाच्या धातूवरून घडलेला हा मराठी शब्द हिब्रू सणाच्या नावाचा आशय नेमका पकडतो, हे जाता जाता नमूद करावे.) पहिल्या तिन्ही शुभवर्तमानांत शेवटचे भोजन हे वल्हांडणाचेच भोजन आहे, म्हणजे सूर्यास्ताला दिवस सुरू करणाऱ्या यहुदी रीतीप्रमाणे वध निसानच्या १५ व्या दिवशी येतो. योहानाच्या शुभवर्तमानात याजकांनी अद्याप ते भोजन केलेले नाही. वध १४ व्या दिवशी, कोकरे कापली जाण्याच्या सुमारास होतो. १९५७ मध्ये आनी जोबेर या फ्रेंच विदुषीने असे सुचविले की, येशूने कुमरानकडील सौर पंचांग पाळले असावे आणि भोजन मंगळवारी झाले असावे. स्मार्त आणि भागवत अशा लागोपाठच्या दोन एकादश्या पाळणाऱ्या प्रदेशातील वाचकास एकाच सणाचे दोन दिवस ही कल्पना नवी नाही. परंतु आपल्याकडे कोणता पक्ष कोणता दिवस पाळतो याचा लेखी व प्रत्यक्ष पुरावा आहे. येशूने मंदिराहून वेगळे पंचांग पाळल्याचा तसा पुरावा शुभवर्तमानांत नाही. योहानाने येशूला प्रारंभीच देवाचे कोकरू म्हटले आहे, हे लक्षात घेता त्याचा कालनिर्देश अर्थासाठी योजलेला असावा, हे मत अधिक ग्राह्य दिसते. खगोलगणिताने इ. स. ३० मधील ७ एप्रिल आणि ३३ मधील ३ एप्रिल हे शुक्रवार पुढे येतात. तेही निसानची १४ तारीख गृहीत धरूनच, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

राहिला तासाचा प्रश्न. मार्क वधस्तंभावर खिळण्याची वेळ तिसरा तास अशी देतो, तर योहानात सुमारे सहाव्या तासाला येशू अद्याप पिलातापुढेच उभा आहे. जुन्या टीकाकारांपैकी काहींनी ग्रीक अंकचिन्हे नकलताना घोटाळा झाला असे म्हटले. ऑगस्टीनने तिसऱ्या तासाचा संबंध वधाची मागणी करणाऱ्या जिभांशी जोडला. योहान रोमन रीतीने मध्यरात्रीपासून तास मोजतो, असेही सुचविले गेले. यांहून साधा विचार प्रहराचा आहे. सूर्योदयापासून मोजता तिसरा तास म्हणजे पहिल्या प्रहराचा शेवट व सहावा म्हणजे दुसऱ्याचा. घड्याळ नसलेल्या समाजात मधल्या वेळेस कोणी एका टोकाने ओळखील, कोणी दुसऱ्या. याने विसंगती पुरती मिटते असे नाही, पण तिची धार कमी होते.

यातून अनुवादकापुढे एक प्रत्यक्ष निवड येते. ‘तिसरा तास’ ठेवावा की ‘सकाळचे नऊ’ लिहावे? दुसरा पर्याय सुबोध खरा, परंतु त्यात एक अर्थनिर्णय वाचकाच्या नकळत संहितेत शिरतो, आणि सहाव्या तासाला ‘बारा’ लिहावे की ‘सहा’, येथे अनुवादक लगेच अडतो. अयमाचा लेख संपादणारे संहितेत ४६ हाच आकडा ठेवतात आणि इसवी सन टिपेत देतात.