ऑर्गनवाल्याचा वाटा

मराठी श्रोत्यांना ऑर्गन हे वाद्य परके नाही. संगीत नाटकाच्या प्रयोगात रंगमंचापुढे बसून, पायांनी भाता हलवीत नटाच्या गळ्याला आधार देणारा ऑर्गनवादक आपल्या रंगभूमीने कित्येक वर्षे पाहिला आहे. नटाने पद उचलण्यापूर्वी तो जे चार-दोन स्वर छेडी, तेवढ्यावरून जाणत्या प्रेक्षकाला पुढे कोणते पद येणार हे उमगत असे. त्या स्वरांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न मात्र आपल्याकडे कोणी विचारला नाही. इंग्लंडमध्ये तो एका ऑर्गनवादकाने विचारला, आणि त्याचे उत्तर तेथील सर्वोच्च न्यायासनाला द्यावे लागले. त्या वादकाचे नाव मॅथ्यू फिशर.

फिशरचा जन्म 1946 चा, लंडनलगतच्या क्रॉयडनचा. अभिजात पाश्चात्य संगीताचा त्याला परिचय होता. पण पोट भरण्यासाठी तो तरुणांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागला. त्याचे वाद्य हॅमंड ऑर्गन. आपल्या पायपेटीसारखा यात भाता नसतो. चुंबकांसमोर फिरणाऱ्या दातेरी चकत्यांपासून विजेच्या साह्याने त्याचा स्वर निघतो. 1967 च्या आरंभी फिशर ‘प्रोकोल हारम’ या नव्या मंडळीत सामील झाला. मंडळीचा प्रमुख गायक व पियानोवादक गॅरी ब्रुकर. कीथ रीड या कवीच्या शब्दांना त्याने चाल लावून ठेवली होती, आणि त्या गीताचे हक्क त्याच वर्षीच्या मार्चमध्ये एका प्रकाशन संस्थेच्या स्वाधीनही झाले होते. फिशर आला तो यानंतर.

गीताचे नाव ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’. एप्रिलमध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत त्याचे ध्वनिमुद्रण झाले, मे महिन्यात तबकडी निघाली, आणि जूनपासून सहा आठवडे ती ब्रिटनमध्ये विक्रीच्या अग्रस्थानी राहिली. ज्यांनी ती ऐकली असेल त्यांना ठाऊक आहे की गाणे सुरू होते ते गायकाच्या आवाजाने नव्हे, तर ऑर्गनच्या संथ, विरक्त आणि काहीशा देवालयीन स्वरांनी. पियानोच्या खर्जात ब्रुकरने एक पायरी-पायरीने उतरत जाणारी स्वरपंक्ती योजिली होती; तिच्यावर फिशरने आपली स्वतंत्र सुरावट उभी केली. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख याच्या रचनांची छाया तीत आहे, हे कोणीच नाकारीत नाही. परंतु छाया असणे निराळे आणि नक्कल असणे निराळे. हे स्वर कडव्यांच्या मध्येही पुनःपुन्हा येतात, आणि रीडचे शब्द बहुतेकांना नीट उलगडत नसल्यामुळे श्रोत्याच्या स्मरणात राहते ती ही सुरावटच.

तबकडीवर नावे मात्र दोनच छापली गेली, रीड आणि ब्रुकर. फिशरने त्याच वर्षी विषय काढला होता. त्याला वाटेला लावण्यात आले. फार ताणून धरले असते तर मंडळीतून बाहेर पडण्याची पाळी आली असती. एकविसाव्या वर्षी, देशभर आपले गाणे वाजत असताना, असा धोका किती जण पत्करतील? वीस वर्षे फायलींच्या सहवासात काढलेल्या माझ्यासारख्याला त्याचे मौन समजू शकते. टिपण एकाने लिहावे आणि त्याखाली सही दुसऱ्याची यावी, ही रीत कचेऱ्यांना काही नवी नाही.

याच्या तीनच वर्षे आधी, 1964 मध्ये, अगदी उलट प्रकार घडला होता. ‘द ॲनिमल्स’ या पाच जणांच्या मंडळीने ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ या जुन्या लोकगीताला नवा घाट दिला. परंतु तबकडीवर संयोजक म्हणून एकट्या ॲलन प्राइसचे नाव आले, आणि तोही ऑर्गनवादकच! पाच नावांना जागा पुरत नव्हती, असे कारण सांगतात. मानधन अर्थातच नावाच्या पाठोपाठ गेले. छापखान्यातली एक ओळ माणसाच्या संसाराला कुठून कुठे नेते, याचे हे दोन नमुने.

फिशर पुढे स्वस्थ बसला नाही. पहिल्याच संग्रहातील ‘रिपेंट वॉलपर्गिस’ ही वाद्यरचना त्याच्या नावावर आहे. 1969 चा ‘अ सॉल्टी डॉग’ हा संग्रह त्याने स्वतः निर्मिला आणि त्याच वर्षी मंडळी सोडली. नंतर त्याने स्वतःचे संग्रह काढले, इतरांची ध्वनिमुद्रणे सिद्ध केली, संगणकाचे शास्त्रही शिकून घेतले. 1991 मध्ये तो पुन्हा ब्रुकरच्या शेजारी ऑर्गनवर बसला, तो 2004 पर्यंत. त्या काळात किती रात्री त्याने तीच सुरावट वाजविली असेल!

31 मे 2005 रोजी त्याने आपला दावा कळविला आणि मग तो न्यायालयात गेला. तेव्हा अडतीस वर्षे लोटली होती. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न स्वतः संगीत शिकलेले होते. फिशरने निम्मा वाटा मागितला होता. त्यांनी डिसेंबर 2006 मध्ये चालीतील शेकडा 40 वाटा त्याचा ठरविला, तोही दावा कळविल्याच्या दिवसापासून. आता प्रत्येक वादक जुन्या तबकड्या उकरून काढील, असे ब्रुकरचे म्हणणे पडले, आणि ते अगदीच पोकळ नव्हते. 2008 मध्ये अपील न्यायालयाने कर्तृत्व फिशरचे मान्य केले, पण इतक्या विलंबानंतर पैसा मिळणार नाही असे दोनास एक अशा मताने सांगितले. म्हणजे मान खरा, धन नाही.

शेवटचा निकाल 30 जुलै 2009 चा. लॉर्डांच्या सभागृहाने न्यायनिवाड्याचे काम केलेला तो अखेरचा दिवस; ऑक्टोबरपासून ते काम नव्या सर्वोच्च न्यायालयाकडे गेले. पाचही न्यायाधीशांनी एकमताने फिशरचा वाटा त्याला परत दिला. त्यांचा युक्तिवाद मला फार विचार करण्याजोगा वाटतो. अशा मालकीच्या दाव्याला कायद्याने मुदत घातलेली नाही. आणि विलंबाची सबब सांगणाऱ्याने त्या विलंबामुळे आपले नुकसान झाले हे दाखविले पाहिजे. येथे तर अडतीस वर्षांच्या विलंबाने ब्रुकर व प्रकाशक यांचा लाभच झाला होता, कारण तोवरची सारी प्राप्ती त्यांच्याचकडे राहिली. न्यायाधीशांपैकी लेडी हेल यांनी, साठीचे ते दशक आपल्याला आठवते असे सांगून, त्या सुरावटीच्या कर्त्याला अखेर मान मिळाल्याबद्दल आनंदही व्यक्त केला. न्यायालयीन भाषेत इतका जिव्हाळा क्वचितच आढळतो.

आपल्याकडील चित्रपटसंगीताची आठवण येथे टाळता येत नाही. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्या गोमंतकीय संयोजकांनी कितीतरी हिंदी गीतांचा स्वरसाज सिद्ध केला. तबकडीवर मात्र नाव संगीत दिग्दर्शकाचेच. त्यांपैकी कोणत्या गीतातील कोणते स्वर कोणाचे, हे सांगू शकणारी माणसे आता फारशी उरलेली नाहीत.

ब्रुकर 2022 मध्ये निवर्तला, रीड 2023 मध्ये. गीताखाली आता तीन नावे छापली जातात. 31 मे 2005 पूर्वीच्या कमाईतील मात्र एक पेनीही तिसऱ्या नावाकडे गेलेली नाही.