फुगलेली अक्षरं आणि आपल्या गावच्या पाट्या

परवा स्टेशन रोडवर एका आईस्क्रीमच्या दुकानाची नवी पाटी बघितली. गुबगुबीत, फुगलेली अक्षरं, आतल्या पोकळ्या जवळजवळ बुजलेल्या. फॉन्ट ओळखीचा होता, 'मोदक'. मुंबईच्या 'एक टाइप'चा. देवनागरी अक्षरं सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केली. दहाएक वर्षं झाली, फुकट मिळतो, धंद्यासाठी वापरला तरी चालतो.

दिसतो गमतीचा, पण काम अवघड आहे बरं. इंग्रजीत अक्षरं जाड केली की झालं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी आणि वर जोडाक्षरं. सगळंच फुगवलं तर 'ष्ट' म्हणजे नुसता गोळा! म्हणून मोदकात अक्षर ओळखू येतं ते मधे सोडलेल्या बारीक फटींवरून.

हे काम पूर्वी मनमाडात ब्रशनं व्हायचं. आमच्या गल्लीतले पेंटरकाका खडूची दोरी ताणून आधी शिरोरेघ मारायचे, मग अक्षरं तिला लटकवायचे. मिठाईवाल्याचं अक्षर गोल, टायरवाल्याचं तिरकं, बँडवाल्याला दुहेरी सावली. वहीत पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती चिकटवलेल्या. त्यातली बरीच अक्षरं कमल शेडगे यांची, हे मला पत्रकारितेचा डिप्लोमा करताना कळलं. शेडगे टाइम्सच्या कलाविभागातले. १९६२ साली निघालेल्या 'महाराष्ट्र टाइम्स'चं शीर्षक त्यांचंच. नाटकाचा स्वभाव ते नावाच्या अक्षरातच दाखवायचे. २०२० च्या जुलैत ते गेले.

मग फ्लेक्स आला. तासाभरात बोर्ड तयार, तोही स्वस्तात. काकांचं काम दोन-तीन वर्षांत आटलं. दुकानदाराला दोष कसा देणार? पण फ्लेक्सवाल्याकडे मराठीचे ठरलेले पाच-सहा फॉन्ट. त्यामुळे वाढदिवस, दशक्रिया, क्लासेस, सगळं एकाच अक्षरात. त्या जुन्या फॉन्टांचा आणखी एक ताप होता. तोच फॉन्ट समोरच्या कॉम्प्युटरवर नसला की मजकुराची चिन्हंच चिन्हं. अशा प्रेसनोटा मी कितीतरी पुन्हा टाइप केल्यात. युनिकोड रुळल्यावर ती कटकट मिटली.

२०२२ पासून राज्यात लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची आहे, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. चांगलं झालं. पण उंची टेपनं मोजता येते, वळण नाही. इंग्रजी नाव झोकात आणि खाली मराठी कसंतरी ताणून बसवलेलं, अशा पाट्या आपल्याच बाजारात मोजून बघा. 'मोदक' फुकट असताना हे चाललंय, याचा जास्त राग येतो.

काकांना मोबाईलवर ती आईस्क्रीमची पाटी दाखवली. चष्मा पुसून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "अक्षर झकास आहे रे. पण रंग किती खाईल!"