छन थ्वान

छन थ्वान : (मृत्यू 989). ह्वाशान पर्वतावर राहिलेला चिनी ताओपंथी तपस्वी, ‘नेइतान’ म्हणजे अंतर्गत किमयेचा आचार्य आणि चिनी लोककथेतला निद्रासिद्ध. पाच राजवंशांच्या धामधुमीत (907–960) त्याची उमेदीची वर्षे गेली आणि सुंग घराण्याची घडी बसत असताना तो वारला. त्याच्या नावावर आकृत्या, ज्योतिष, मुखसामुद्रिक, एवढेच काय पण मुष्टियुद्धाचा एक प्रकारही जमा आहे. उलट खात्रीने त्याच्याच हातचे म्हणावे असे फारच थोडे उरले आहे. म्हणून माणूस आणि त्याची ख्याती यांचे हिशेब वेगळे ठेवूनच त्याच्याविषयी लिहावे लागते.

त्याची अर्धी ओळख त्याच्या नावांत आहे. थू-नान हे त्याचे रूढ उपनाम आणि फू-याओ-त्स हे त्याने धारण केलेले नाव. दोन्ही च्वांगत्सच्या ग्रंथातल्या पहिल्याच कथेतली आहेत. उत्तर समुद्रातल्या प्रचंड माशाचा पक्षी होतो, वावटळीबरोबर तो आभाळात चढतो आणि दक्षिणेची वाट धरतो. थू-नान म्हणजे दक्षिणेचा बेत करणारा; फू-याओ म्हणजे ती गरगरत वर जाणारी वावटळ. तिसरे नाव, शी-यी, सम्राटाने दिलेले. ते लाओत्सेच्या ‘ताओ ते चिंग’मधल्या चौदाव्या प्रकरणातून घेतले आहे : कानांना जे ऐकू येत नाही ते ‘शी’ आणि डोळ्यांना जे दिसत नाही ते ‘यी’. दरबाराच्या हाती जो लागला नाही, त्याला दरबारानेच ‘अगोचर’ असा किताब द्यावा, यात नकळत झालेला विनोद आहे.

चरित्राचा मुख्य आधार म्हणजे 1345 मध्ये पुरा झालेला सुंग घराण्याचा अधिकृत इतिहास. त्याच्या एकांतवासी पुरुषांच्या विभागात छन थ्वानची नोंद आहे. तो इतिहास त्याला पो-चौ परगण्यातल्या चन-युआनचा, म्हणजे आजच्या हनान प्रांतातल्या लू-यी परिसराचा ठरवतो. लाओत्सेचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानलेला मुलूख नेमका हाच. हा योगायोग जरा जास्तच सोयीचा आहे, आणि दुसरी परंपरा त्याला सरळ सिच्वानचा मानते. चार-पाच वर्षांचा असताना तो नदीकाठी खेळत होता, तेव्हा निळ्या वस्त्रांतल्या एका म्हातारीने त्याला अंगावर पाजले आणि तेव्हापासून त्याची बुद्धी तल्लख झाली, असे इतिहासकार निर्विकारपणे नोंदवतो. पुढे शास्त्रे, इतिहास आणि निरनिराळ्या विचारपंथांचे ग्रंथ त्याला एकदा वाचले की पाठ होत.

एवढे असूनही 930 ते 933 च्या दरम्यान राजसेवेची ‘चिन-श’ परीक्षा त्याने दिली आणि तो नापास झाला. मग पगारी नोकरीचा नाद सोडून तो डोंगरदऱ्यांत रमला. चिनी वाङ्मयावर नापास उमेदवारांचे ऋण मोठे आहे. त्यांतले कुणी कवी झाले, कुणी बंडखोर, कुणी संन्यासी. छन थ्वान वूतांग पर्वतावरच्या नऊ कोठड्यांच्या कड्यावर वीसएक वर्षे राहिला. तिथे तो श्वाससाधना करी, धान्य वर्ज्य करी आणि रोज मद्याचे काही पेले घेई. अन्न सोडले पण दारू नाही, हे आपल्याकडच्या तपस्व्याच्या कल्पनेत बसत नाही. ताओपंथी हिशेब निराळा आहे. माणसाच्या देहात तीन घातक कीटक वस्ती करून असतात आणि ते धान्यावर पोसतात, अशी तिथली जुनी समजूत. म्हणून आयुष्य वाढवायचे तर आधी भात-गहू तोडायचे. नंतर तो शेन्सी प्रांतातल्या ह्वाशानवर, युनथाय मठात, राहायला आला. चीनच्या पाच पवित्र पर्वतांपैकी हा पश्चिमेचा. त्याचे सर्वांत उंच शिखर 2,154 मीटरचे आहे आणि चढणीचा बराच भाग उघड्या, सरळसोट ग्रॅनाइटचा.

राजांशी त्याचे जे संबंध आले, त्यांच्या नोंदी त्यामानाने बऱ्या आहेत. उत्तरकालीन चौ घराण्याचा सम्राट छाय रुंग याला किमयेचा शौक होता. 956 मध्ये त्याने छन थ्वानला राजधानीत आणवले, महिनाभर ठेवून घेतले आणि सोने-चांदी बनवण्याची विद्या विचारली. छन थ्वानने उत्तर दिले ते असे की, चारी समुद्रांच्या स्वामीने राज्य नीट कसे चालेल याची चिंता करावी, या पिवळ्या-पांढऱ्या खटाटोपात पडू नये. सम्राट रागावला नाही. त्याने त्याला दरबारी सल्लागाराचे पद देऊ केले. छन थ्वानने ते नाकारले. दोन वर्षांनी सम्राटाने त्याला रेशमी कापडाचे पन्नास ठाण आणि तीस चिन चहा पाठवला.

सुंग घराण्याचा दुसरा सम्राट थायत्सुंग याच्याकडे तो दोनदा गेला. दुसऱ्या खेपेस, 984 मध्ये, मुख्यमंत्री सुंग छी याने त्याच्याकडे साधनेचे रहस्य मागितले. आपण रानातला माणूस, जगाच्या उपयोगाचे आपल्याजवळ काही नाही, असे तो म्हणाला. कुणी भर दिवसा आकाशात उडून गेला तरी त्याने प्रजेचे काय भले होणार? राजा आणि मंत्री एकदिलाने कारभार करत आहेत, याहून मोठी साधना नाही. सम्राट हे ऐकून खूष झाला. त्याने जांभळी वस्त्रे दिली, शी-यी हा किताब दिला आणि युनथाय मठाची डागडुजी करवली. दोन्ही प्रसंगांत छन थ्वानची रीत एकच दिसते : विद्या मागायला आलेल्याला तो त्याच्याच कामाकडे परत पाठवतो. हा विनय म्हणावा की हुशारी? पाच राजवंश डोळ्यांदेखत कोसळताना पाहिलेल्या माणसात दोन्ही असायला हरकत नाही.

झोप ही त्याची खरी कीर्ती. तो एकदा पडला की शंभर-शंभर दिवस उठत नसे, असे अधिकृत इतिहासच सांगतो. ही कुंभकर्णाची झोप नव्हे. नंतरच्या ताओपंथी चरित्रांत त्याच्या तोंडी याचे विवेचन घातले आहे. सामान्य माणूस पोट भरून पडतो, पण पैसा, मान आणि वासना झोपेतही त्याला सोडत नाहीत. त्याचे डोळे मिटतात, मन धावतच राहते. सिद्ध पुरुष झोपतो तेव्हा श्वास आत वळवतो, प्राण बाहेर सांडू देत नाही आणि त्याचे चैतन्य देहाबाहेर मोकळे हिंडून येते. या निद्रासाधनेला ‘श्वेइकुंग’ म्हणतात. तिच्या बारा आसनांची चित्रे मिंग काळातल्या, सोळाव्या शतकाच्या एका ग्रंथात आहेत. चित्रांतले साधक कुशीवर वळलेले, हात उशाशी घेतलेले असे दिसतात. नाथपंथी योग वाचलेल्या मराठी वाचकाला इथे ओळखीचे पुष्कळ सापडेल, पण साम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही.

तत्त्वज्ञानाच्या इतिहासात त्याचे स्थान एका आकृतीमुळे आहे. ‘वूची-थू’, म्हणजे निरवधीची आकृती, त्याने ह्वाशानच्या कड्यावर कोरवली असे सांगतात. पाच टप्प्यांची ही वर्तुळे खालून वर वाचायची. सर्वांत खाली प्राणाचे उगमद्वार. त्यावर वीर्याचे प्राणात आणि प्राणाचे चैतन्यात रूपांतर. मग पंचतत्त्वांचा मेळ, पुढे पाणी आणि अग्नी यांची अदलाबदल, आणि शेवटी चैतन्य शून्यात विरून मूळच्या निरवधीत परतते. नवकन्फ्यूशियन विचाराचा आद्य पुरुष चौ तुन-यी (1017–1073) याची ‘थायची-थू’ ही आकृती जवळजवळ हीच आहे. फक्त ती वरून खाली वाचायची. तीत एकातून यिन-यांग, त्यांतून पंचतत्त्वे आणि त्यांतून सृष्टी अशी उत्पत्ती आहे. एकच जिना, तपस्वी तो चढतो, तत्त्वज्ञ उतरतो.

मात्र हा जिना प्रथम बांधला कुणी, यावर वाद आहे. छन थ्वानकडून शिष्य छुंग फांग, त्याच्याकडून मू श्यू आणि मग चौ तुन-यी, ही परंपरा बाराव्या शतकात चू चन या पंडिताने मांडली, म्हणजे छन थ्वान जाऊन दीडशेच्या आसपास वर्षे झाल्यावर. सतराव्या शतकात ह्वांग त्सुंग-यान याने हाच मुद्दा कन्फ्यूशियन पंडितांविरुद्ध वापरला : तुमच्या तत्त्वज्ञानाचा पाया ताओपंथी संन्याशाकडून आणलेला आहे. आरोप झोंबणारा होता, आणि बहुधा म्हणूनच तो टिकला. दहाव्या शतकातला पुरावा मात्र कुणीच पुढे ठेवू शकले नाही.

त्याच परंपरेत ‘ई चिंग’ या शकुनग्रंथाच्या चौसष्ट षट्‌रेषांची एक मांडणी आहे. तीही छन थ्वानपासून ली चि-त्साय या गुरूमार्गे शाओ युंग (1011–1077) याच्यापर्यंत आली असे मानतात. पेकिंगमधला जेझुइट धर्मोपदेशक बूव्हे याने 1701 मध्ये ती जर्मन तत्त्वज्ञ लाइबनित्सला पाठवली. तुटक आणि अखंड रेषांत लाइबनित्सला आपलेच शून्य आणि एक दिसले, आणि द्विमान अंकगणितावरच्या 1703 च्या निबंधात त्याने तिचा उल्लेख केला. पद्धत त्याने स्वतंत्रपणे, आधीच शोधली होती, हे विसरून चालणार नाही.

छन थ्वानच्या स्वतःच्या लेखनापैकी ‘चि-श्वान-फ्येन’ हा साधनेवरचा एक्क्याऐंशी प्रकरणांचा ग्रंथ आणि सहाशेहून अधिक कविता यांचा उल्लेख इतिहासात येतो. प्रकरणांची ही संख्या ‘ताओ ते चिंग’ची आहे. यांतले बहुतेक सारे लुप्त झाले. ‘त्स-वेइ’ नक्षत्रज्योतिष त्याच्या नावावर लागले ते नंतर.

दंतकथांतली सर्वांत जिवंत कथा गाढवाची. रस्त्याने जाताना सुंग घराण्याचा संस्थापक चाओ ख्वांग-यिन गादीवर बसल्याची (960) बातमी त्याला कळते, तो टाळी देऊन इतका हसतो की गाढवावरून खाली पडतो, आणि आता जगाला स्वस्थता आली असे म्हणतो. शाओ युंगच्या मुलाने नोंदवलेली दुसरी कथा अधिक खोल आहे. छ्येन र्वो-श्वेइ नावाचा तरुण त्याला भेटायला येतो. शेकोटीपाशी बसलेला एक वृद्ध भिक्षू त्याला न्याहाळतो आणि चिमट्याने राखेत लिहितो की हा सिद्ध होणार नाही. मग पुढे सांगतो, पण वाहत्या धारेतून वेळेवर काठावर येणारा माणूस हा आहे. छ्येन पुढे मोठ्या पदाला चढला आणि चाळिशीच्या सुमारास ते सोडून मोकळा झाला. ऐन भरात पद सोडण्याला चिनी भाषेत जो वाक्प्रचार आहे, त्याच्याशी ही गोष्ट कायमची जोडली गेली. युआन काळातल्या मा चि-युआनने छन थ्वानच्या झोपेवर नाटक रचले. मिंग काळातल्या फंग मंग-लुंगने त्याच्या नकारांवर कथा लिहिली.

988 मध्ये त्याने च्या त-शंग या शिष्याला चांगछाओ दरीत एक दगडी खोली कोरायला सांगितले. ती पुरी झाल्यावर त्याने सम्राटाला पत्र लिहून मृत्यूची तारीख कळवली, आणि 989 मधल्या सातव्या महिन्याच्या बाविसाव्या दिवशी तो तिथेच वारला. सात दिवस देह ऊबदार होता आणि रंगीत ढगांनी महिनाभर दरीचे तोंड झाकले होते, असे इतिहास म्हणतो.

ह्वाशानच्या पायथ्याशी यूछ्वान मठात त्याची झोपलेली दगडी मूर्ती आहे. वर, पूर्व शिखराजवळच्या एका सुळक्यावर, बुद्धिबळाचा मंडप आहे. तिथे चाओ ख्वांग-यिन त्याच्याशी खेळून हरला आणि अख्खा पर्वत गमावून बसला, म्हणून इथल्या लोकांना सारा माफ झाला, असे डोंगराखालचे लोक सांगतात. मंडपाकडे जायचे तर साखळ्या धरून, कड्याकडे तोंड करून, खालची खाच पायाच्या बोटांनी चाचपत उतरावे लागते.